इंजिन खालून, गाव फलाटावरून

अकराचा भोंगा होतो आणि जमालपूर जेवायला उठतं. रुडयार्ड किपलिंगच्या ‘अमंग द रेल्वे फोक’ या लेखाच्या पहिल्या भागातला हा क्षण. त्याच्या आधी सगळी निवांत वाक्यं आहेत. सागाच्या झाडांखाली पडलेले कवडसे, व्हरांड्यात साहेबाच्या मुलाला रमवत गुणगुणणारा नोकर, कुठल्याशा बंगल्यातून येणारे पियानोचे पुसट सूर. वाचता वाचता आपणही सैलावतो, आणि नेमका तेव्हाच वाफेचा भोंगा कळवळून ओरडतो. लगेच रस्ताभर पावलंच पावलं. कारखान्याच्या गावाचा दिवस इतक्या थोड्या जागेत आणि इतका कान लावून लिहिलेला माझ्या वाचनात दुसरा नाही.

हे लिहिलं तेव्हा, १८८८मध्ये, किपलिंग बावीस वर्षांचा होता आणि अलाहाबादच्या ‘पायोनियर’ या वर्तमानपत्रात नोकरीला होता. मराठी वाचक त्याला ओळखतो तो मोगलीमुळे. त्याचा जन्म मुंबईतला, वडील जे. जे. कलाशाळेत शिकवत, हेही पुष्कळांना ठाऊक असतं. बातमीदार किपलिंग मात्र आपल्याकडे फारसा वाचला जात नाही. तो वाचावा आणि सुरुवात जमालपूरपासून करावी, असं मला मनापासून वाटतं.

जमालपूर आज बिहारच्या मुंगेर जिल्ह्यात आहे. तेव्हा तो भाग बंगाल इलाख्यात मोडे. गंगेच्या दक्षिणेला, टेकड्यांच्या कुशीत ईस्ट इंडियन रेल्वेनं ८ फेब्रुवारी १८६२ रोजी इथे इंजिनांचा कारखाना सुरू केला आणि त्याच्याभोवती गाव आखलं. लेखाचे तीन भाग आहेत. पहिल्यात वसाहत, दुसऱ्यात कारखाना, तिसऱ्यात भट्ट्या आणि तापलेलं लोखंड. तिसरा भाग जोरकस आहे, पण माझं मन रमतं ते पहिल्या दोन भागांत.

भुसावळ, इगतपुरी, मनमाड, दौंड इथल्या रेल्वे क्वार्टरांत ज्यांचं बालपण गेलं, त्यांना पहिला भाग ओळखीचा वाटेल. काटकोनात आखलेले रस्ते, एकाच नकाशावर उभी केलेली घरं, घरागणिक वाट्याला आलेली बाग, विटांची पायवाट, पुढे छोटंसं फाटक. संध्याकाळी सगळ्यांनी जमायचं ते इन्स्टिट्यूटमध्ये. तिथे टेनिसची मैदानं आहेत. उन्हाळ्यात डुंबायला तलाव आणि वाचायला काही हजार पुस्तकांचं ग्रंथालयही गावात आहे. कोणी ‘लोको’त, कोणी ‘ट्रॅफिक’मध्ये, तिसरी जात या गावाला नाही. रस्त्यांना राजा, राणी, राजपुत्र यांची नावं दिलेली, आणि त्यांच्या पंक्तीला एक स्टीम रोड. आपल्याकडे रस्त्याला नाव पडतं ते देवळाचं, पेठेचं, फार तर पुढाऱ्याचं. इथे ते वाफेला मिळालं आहे, आणि हाच रस्ता सरळ कारखान्याच्या दाराशी जातो.

हे सगळं किपलिंगला आवडतं, पण तो भुलत नाही. गाव इतकं झाडलेलं-पुसलेलं आहे की कोणी आजच सकाळी ते स्वच्छ करून काचेखाली ठेवलं असावं, अशा अर्थाचं तो लिहितो. नाटकाच्या रंगमंचावर उभारलेल्या इंग्लंडमधल्या खेड्याशी तो त्याची तुलना करतो. दोन्ही उपमा नीट पाहा. काचेखाली नमुना ठेवतात, रंगमंचावर देखावा लावतात. दोन्ही ठिकाणी माणसं राहत नाहीत. लेखकाच्या मनानं काहीतरी टिपलं आहे, ते उपमांमधून बाहेर आलं आहे. आणि या स्वच्छतेच्या वर्णनातच एक वाक्य येऊन जातं: जवळ एक उदास खेडं आहे आणि पटकी आली की ती तिथे हटकून मुक्काम करते. त्या खेड्याला लेखात नाव नाही. पुढच्या वाक्यात आपण पुन्हा झाडांच्या सावलीत असतो.

मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा हे वाक्य माझ्याही नजरेतून निसटलं होतं. दुसऱ्यांदा वाचताना मात्र तिथेच अडकलो. कारखान्यात साडेतीन हजार माणसं कामाला होती, असं तोच पुढे सांगतो. युरोपीय लोक कुटुंबं धरून बेताचेच. मग उरलेली हजारो माणसं जेवणाच्या सुटीत कुठे जात होती? साहेबांचे बंगले कामापासून हाकेच्या अंतरावर होते, म्हणून तर गावात टांगे नव्हते. बाकीच्यांची वाट अशा निनावी खेड्यांकडेच जात असणार.

‘कंपनी’वरचा परिच्छेद लेखातला सर्वांत खुमासदार आहे. ईस्ट इंडियन रेल्वे हे नाव परक्यांसाठी. तिचे नोकर तिला नुसतं ‘कंपनी’ म्हणतात, कधी भक्तीनं तर कधी चिडून, आणि पहिलं अक्षर नेहमी मोठं. आपल्या लिपीत मोठं अक्षर नाही, तरी मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. आपल्याकडे ‘कंपनी सरकार’ म्हणत, त्यात सगळं येई. किपलिंगलाही त्या जुन्या कंपनीची आठवण होते. व्हाइसरॉयपासून नोटेवर सही करणाऱ्या अधिकाऱ्यापर्यंत सगळी सत्ता तो या एका शब्दात एकवटून दाखवतो. घर तिचं, शाळेला अनुदान तिचं, पगार तिचा, भोंगाही तिचाच. रेल्वेच्या नोकरीत असलेल्या घरांत अजूनही ‘रेल्वेनं दिलं’, ‘रेल्वेनं शिकवलं’ असं बोलतात, ते कानांत घोळवून हा परिच्छेद वाचावा.

दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला एक शब्द भेटतो, त्यावर मी खूप वेळ रेंगाळलो. जमालपूरचे लोक स्वतःच्या गावाला ‘लांब साईडिंग’वरचं गाव म्हणतात. साईडिंग म्हणजे मुख्य मार्गाच्या बाजूला गाडी काढून ठेवण्याचा रूळ. इथे ही साईडिंग थोडीथोडकी नाही, लखीसराय ते खाना जंक्शन अशी दोनशे तीसहून अधिक मैलांची आहे. किपलिंग शब्दाचा अर्थ सांगून पुढे जातो. त्यामागची हकिकत अशी, की गंगेच्या कडेनं जाणारा हाच मार्ग आधी कलकत्त्याहून उत्तरेकडे जाणारा मुख्य मार्ग होता. १८७१मध्ये जवळचा सरळ मार्ग सुरू झाला आणि लांब पल्ल्याच्या गाड्या तिकडून धावू लागल्या. जुन्या मार्गाचं नाव ‘लूप’ झालं. साऱ्या मार्गाची इंजिनं जिथे दुरुस्त व्हायची ते गाव स्वतः मुख्य मार्गावरून बाजूला पडलं. त्या एका शब्दात हे शल्य आहे आणि अभिमानही. रेल्वेवाल्यांनी आपलं दुःख रेल्वेच्याच भाषेत सांगितलं, आणि किपलिंगनं ते जसं ऐकलं तसं उतरवून घेतलं. बोलीला असा कान देणारे लेखक थोडे.

आता जिथे माझं त्याच्याशी पटत नाही तिथे येतो. गावात न्यायाधीश नाही, कलेक्टर नाही, पोलिसांचा साहेब नाही. आमचं आम्हीच पाहायचो, असं जमालपूर छाती फुगवून सांगतं. पण लॉर्ड रिपनच्या १८८२च्या ठरावानंतर स्थानिक स्वराज्य आलं, नगरपालिका झाली, आणि तिच्यावर कोण गेलं? क्लबात रॅकेटच्या खेळाचे गुण मोजणारा नोकर. किपलिंग हे चेष्टेनं सांगतो. साहेबांच्या गावाचा हा अपमान त्याला कळतो, आणि वाचकानंही त्याच्यासोबत हसावं अशी त्याची अपेक्षा आहे. मी हसू शकलो नाही. लेखाच्या पहिल्या भागात एखाद्या भारतीय माणसानं स्वतःच्या हिमतीवर काही मिळवलं, असा हा एकच प्रसंग. गुण मोजणाऱ्यानं धडपडून मंडळावर जागा पटकावली आणि ज्या रस्त्यांनी तो खाली मान घालून जात असेल, त्या रस्त्यांच्या कारभारात त्याचं मत धरलं जाऊ लागलं. किपलिंगनं विनोद म्हणून लिहिलेली ही गोष्ट माझ्या दृष्टीनं त्या गावाची सर्वांत मोठी बातमी आहे. त्यानं ती गाळली नाही, एवढ्यासाठी मी त्याचा ऋणी आहे.

दुसऱ्या भागाचा कळस पुन्हा भोंग्यापाशीच आहे. किपलिंग आंब्याच्या झाडांखालच्या फाटकातून कारखान्यात शिरतो, तोच सुटी होते. नेटिव्ह कामगारांचा लोंढा बाहेर पडतो, मागून गोरे लोक सावकाश चालत जातात आणि तीन मिनिटांत सगळं रिकामं. थांबलेली चाकं, पट्टे, याऱ्या. दूर कुठेतरी वाफेचा उसासा, आणि कबुतरांचं घुमणं. कबुतरं त्यानं कल्पनेनं आणलेली नाहीत; पत्र्याच्या छपराखाली ती असतातच, फक्त एरवी ऐकू येत नाहीत. कारखाना केवढा आणि त्याचा आवाज किती, हे त्यानं शांततेतून सांगितलं. लेखकाची कमाई म्हणतात ती ही.

या शांततेतच तो इंजिनांपाशी जातो. ‘लोखंडी घोडा’ ही घासून गुळगुळीत झालेली उपमा आधी वापरतो आणि लगेच मागे घेतो: इंजिन घोडा नव्हे, ती बाई आहे, जहाजासारखी. मराठीत गाडी ‘ती’ आणि इंजिन ‘ते’, त्यामुळे ही दुरुस्ती आपल्या भाषेत नीटशी उतरत नाही. पण लिहिता लिहिता स्वतःला सुधारणारा लेखक पाहण्यात वेगळाच आनंद आहे. मग दुखणाईत इंजिनाची तपासणी सुरू होते. दर तीन वर्षांनी ते इथे येणार, फोरमन त्याला तपासणार आणि इस्पितळात भरतात तसा कागद भरणार. त्या कागदावर दुखण्यांची १८० कलमं छापलेली. ठोकळ्यांवर टेकलेलं, चाकं काढलेलं, अंगावर खडूच्या खुणा असलेलं ‘एको’ नावाचं इंजिन तो आपल्याला दाखवतो. फलाटावरून पाहिलेलं इंजिन आणि खालून पाहिलेलं इंजिन यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे तो इथे सांगतो. फलाटावरून ते साधी गाडी वाटतं, खालून पाहिलं की त्याचा दरारा कळतो.

माझ्या मते साऱ्या लेखाची किल्ली इथे आहे. किपलिंगनं इंजिन खालून पाहिलं. गाव मात्र त्यानं फलाटावरून पाहिलं. त्याचं सर्वांत सुंदर वर्णन शक्य झालं ते साडेतीन हजार माणसं बाहेर गेल्यामुळे. मँचेस्टर, क्लाइड, यॉर्कशायर इथून आलेल्या खातेप्रमुखांची बोली त्याला ऐकू येते, त्यांची गाणी ऐकून त्याला उत्तर इंग्लंडची आठवण होते. ज्यांच्या हातांनी इंजिन ठोकळ्यांवर चढलं असेल, ते बाहेर झाडाखाली काय खात होते, काय बोलत होते, ते या पानांवर नाही. याच दशकात, १८८४मध्ये, मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवून रविवारची सुटी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती मागितली होती. सुटी मिळायला १८९० उजाडलं. भोंगा झाल्यावरच्या वेळेची किंमत कामगारालाच ठाऊक.

एका उपमेत तर त्याची साफ चूक झाली आहे. कारखान्याच्या छपरांचा आंब्याच्या झाडांशी काही संबंध नाही, हे सांगताना तो म्हणतो की इंजिनाचा लक्ष्मीशी असावा तेवढाच. वाक्य ऐटदार आहे, पण ज्यानं खंडेनवमीला लेथ मशीनला वाहिलेलं फूल आणि शेडमधल्या इंजिनाला घातलेला झेंडूचा हार पाहिला आहे, त्याला ते पटणार नाही. बिहार-बंगालातले कारखाने तो मान विश्वकर्मा पूजेला देतात. ज्या हत्याराच्या जिवावर घरी पीठ-मीठ येतं ते पूजेचंच असतं.

आणि लोखंडाशी जमालपूरच्या मातीचं नातं रेल्वेच्या आधीचं आहे. बंगालचा नवाब मीर कासिम यानं १७६२च्या सुमारास राजधानी मुंगेरला हलवली आणि तिथे शस्त्रांचा कारखाना काढला. बंदुका घडवणारे हात त्या भागात पिढ्यानपिढ्या होते. किपलिंगच्या भेटीनंतर अकरा वर्षांनी, १८९९मध्ये, जमालपूरनं दुरुस्तीच्या पुढे जाऊन अख्खं इंजिन बांधलं. नाव ‘लेडी कर्झन’. इंजिनाला बाई म्हणणारा किपलिंग तिथे खरा ठरला. १९२७पासून याच गावात रेल्वेचे यांत्रिकी अधिकारी घडू लागले. कारखाना आजही चालू आहे.

हे सगळे दोष धरूनही हा लेख मला मोठा वाटतो. त्यातलं बरंचसं आज पटत नाही, पण त्यानं जे कानांनी टिपलं ते खोटं नाही, आणि त्या आवाजांच्या आधारानंच जे त्यानं पाहिलं नाही तेही आपल्याला शोधता येतं.

ज्यांच्या घरी लोकोत, शेडमध्ये किंवा वर्कशॉपात हाडं झिजवलेले आजोबा, काका, वडील अजून बोलते आहेत, त्यांना माझं एक सांगणं आहे. त्यांना विचारा, भोंगा झाला की तुम्ही कुठल्या वाटेनं घरी यायचात, डब्यात काय असायचं, आणि सगळे गेल्यावर शेडमध्ये मागे कोण थांबायचं? ते सांगतील ते त्यांच्याच शब्दांत उतरवून ठेवा.