सिम्युलेटरच्या सामायिक कोडमधील सिस्टिम कॉल : एक चिकित्सा

प्रस्तावना : संगणक-रचनेच्या अध्यापनात व संशोधनात ‘जेम-फाइव्ह’ या प्रोसेसर सिम्युलेटरला महत्त्वाचे स्थान आहे. मिशिगन विद्यापीठातील ‘एम-फाइव्ह’ आणि विस्कॉन्सिन विद्यापीठातील ‘जेम्स’ यांच्या एकत्रीकरणातून तो आकारास आला. २०११ मध्ये त्याचा परिचय करून देणारा निबंध प्रसिद्ध झाला. त्याच्या सिस्टिम कॉल अनुकरण पद्धतीत ऑपरेटिंग सिस्टिम चालविली जात नाही. फाईल उघडणे, वाचणे, लिहिणे या प्रोग्रामच्या मागण्या सिम्युलेटर स्वतःच यजमान संगणकाच्या साहाय्याने पूर्ण करतो.

विवेचन : या मागण्यांचा अर्थ सर्व प्रोसेसरांवर एकच असला तरी त्यांचे रूप भिन्न असते. लिनक्समध्ये ‘राइट’ या कॉलचा क्रमांक ६४ बिटी एक्स-८६ वर १, ३२ बिटी आर्मवर ४, तर रिस्क-फाइव्हवर ६४ आहे. नवी फाईल निर्माण करण्याच्या खुणेचे मूल्य एक्स-८६ वर ६४, तर मिप्सवर २५६ आहे. म्हणून अर्थ सामायिक कोडमध्ये एकदाच लिहावा आणि क्रमांक, खुणांची मूल्ये व माहितीची मांडणी प्रत्येक प्रोसेसरच्या तक्त्यात ठेवावी, ही ‘जेम-फाइव्ह’ची विभागणी तर्कशुद्ध आहे. त्यामुळे एका ठिकाणी केलेल्या दुरुस्तीचा लाभ सर्वांना मिळतो.

मर्यादा : तथापि, आधार नसलेल्या कॉलची व्यवस्था दोन प्रकारे केलेली आढळते. एका प्रकारात सिम्युलेटर कॉलचे नाव सांगून थांबतो; दुसऱ्यात केवळ इशारा देऊन यशाचे शून्य परत करतो. स्मृतीच्या संरक्षणाचा ‘एमप्रोटेक्ट’ हा कॉल दुसऱ्या प्रकारात ठेवला गेला आहे. परिणामी संरक्षण लागू झाले, असे प्रोग्राम मानतो. प्रत्यक्षात काहीच घडलेले नसते. ही सोय प्रोग्राम पुढे नेते, परंतु निष्कर्षाची विश्वासार्हता पणाला लावते. शिवाय कॉलचे काम सिम्युलेटरबाहेर होत असल्याने ऑपरेटिंग सिस्टिमने घेतलेला वेळ व कॅशवरील तिचा परिणाम मोजमापात येत नाही. वारंवार फाईल हाताळणाऱ्या प्रोग्रामबाबत ही त्रुटी गौण म्हणता येणार नाही.

निष्कर्ष : सामायिक कोडमध्ये नव्या कॉलची भर घालताना ‘प्रोग्राम चालला’ ही कसोटी अपुरी ठरते. कॉलचा परिणाम प्रत्यक्ष यंत्रावरील परिणामाशी ताडून पाहिला पाहिजे. जे साध्य झाले नाही, तेथे सिम्युलेटरने थांबणेच शास्त्रीय दृष्ट्या प्रामाणिक होय. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांचे मूल्यमापन करतानाही आलेखांइतकेच इशाऱ्यांचे वाचन आवश्यक आहे.