डेस्कटॉपची कारागिरी: साधनं वाढली, निदान खुंटलं

बंगळूरच्या महादेवपुरा भागात, आउटर रिंग रोडपासून व्हाइटफील्डपर्यंत काचेच्या इमारतींची रांग लागते. तिथे काम करणाऱ्या कुणालाही विचारा, डेस्कटॉप सॉफ्टवेअरचे दिवस संपले असंच उत्तर मिळेल. जाहिराती क्लाउडच्या, मुलाखतीतले प्रश्न वेबचे. सांगली, कोल्हापूर, बेळगावहून आलेली मराठी मुलं पहिल्या दिवसापासून ब्राउझरसाठी लिहायला लागतात. मला हे मत पटत नाही. याच पट्ट्यात जीईचं जॉन वेल्च टेक्नॉलॉजी सेंटर २००० सालापासून आहे आणि वैद्यकीय यंत्रांवरचं संशोधन हा तिथल्या कामाचा मोठा भाग राहिला आहे. रुग्णालयातलं स्कॅनचं वर्कस्टेशन, कारखान्यातल्या यंत्राशेजारचा पडदा, हिशेबनिसाच्या टेबलावरची टॅली, गावातल्या दूध संकलन केंद्रावरचा काटा वाचणारा संगणक, ही सगळी डेस्कटॉपचीच दुनिया. ती वापरणारी माणसं कमी झालेली नाहीत. तिच्यातले प्रश्न नीट सोडवणारी मात्र कमी होत चालली आहेत.

आजच्या परिस्थितीबद्दल माझं म्हणणं एवढंच आहे: उत्तरं मुबलक झाली आणि निदान दुर्मीळ झालं. पडदा गोठला, तारीख चुकली, अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं आली, की त्या लक्षणावरची तयार ओळ चिकटवायची आणि पुढच्या कामाला लागायचं. लक्षण जातं, कारण तिथेच राहतं.

पूर्वीचं काम आठवलं की फरक कळतो. बंगळूरची टॅली १९८६ साली सुरू झाली ती श्यामसुंदर गोयंका यांना स्वतःच्या धंद्याच्या हिशेबासाठी मनासारखं सॉफ्टवेअर मिळेना म्हणून. ते त्यांचा मुलगा भरत याने लिहिलं, आणि लिहिणाऱ्याच्या नजरेसमोर रोज वह्या लिहिणारा माणूस होता. एफ-५ ला पेमेंट, एफ-६ ला पावती, एफ-८ ला विक्री. टॅलीवर बसलेल्या जुन्या मुनिमाचा हात माउसकडे जातच नाही. पडद्याच्या सौंदर्यावर टीका करायला जागा आहे, पण दिवसाला शेकडो नोंदी करणाऱ्याचा वेळ कुठे जातो हे ज्याने पाहिलं त्यानेच ही रचना केली, यात शंका नाही. पुण्यात कैलास काटकर कॅल्क्युलेटर आणि संगणक दुरुस्त करत. दुकानात येणाऱ्या मशीनवर तेच ते व्हायरस पुन्हा पुन्हा दिसू लागले, तेव्हा कॉलेजात शिकणाऱ्या त्यांच्या भावाने, संजयने, ते काढणारे प्रोग्राम लिहिले. त्यातून क्विक हील उभं राहिलं. आधी बिघाड हाताळला, मग सॉफ्टवेअर आलं.

तिसरं उदाहरण मला सर्वांत मोलाचं वाटतं. डॉसच्या पडद्यावर मजकुरासाठी ८० रकाने आणि २५ ओळी असत, आणि एका चौकटीत एक अक्षर अशी ठरलेली मांडणी असे. तिच्यात जोडाक्षरं आणि वेलांट्या बसायच्या कशा? आयआयटी कानपूरमध्ये मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेलं आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेलं जिस्ट हे त्याचं उत्तर होतं. संगणकात एक वेगळं कार्ड बसवायचं, म्हणजे इंग्रजीसाठी लिहिलेले प्रोग्रामही भारतीय लिपी दाखवू लागत. अडचण प्रोग्राममध्ये नाही, अक्षर साठवणं आणि अक्षर दाखवणं यांची गल्लत होते आहे, हे त्यांनी ओळखलं. भारतीय लिप्यांसाठीच्या १९९१ च्या इस्की मानकातही हीच समज आहे.

ही समज पुढे टिकली नाही. महाराष्ट्रातल्या किती पतसंस्था, दूध संघ आणि छापखाने व्हिज्युअल बेसिक ६ वर चालले! हे साधन १९९८ सालचं, आणि त्याच्या नेहमीच्या टेक्स्टबॉक्सला देवनागरी कळतच नसे. युनिकोडमधला मराठी मजकूर दिला की प्रश्नचिन्हांची ओळ उमटायची. मग सोपा मार्ग निघाला. टेक्स्टबॉक्सला सी-डॅकचा सुरेख किंवा योगेश लावा, नाहीतर मॉड्युलरच्या श्री-लिपीतला एखादा फॉन्ट लावा. पडद्यावर मराठी दिसायची, पण डेटाबेसमध्ये भलतीच चिन्हं जाऊन बसायची. त्या वेळी दुसरा पर्याय फारसा नव्हता, हे मान्य. पण किंमत पाहा. या फॉन्टांमध्ये ऱ्हस्व वेलांटी जशी दिसते तशी, म्हणजे व्यंजनाच्या आधी साठवली जाते. त्यामुळे सभासदांची यादी अकारविल्हे लावली की किरण, दिलीप आणि विजय एकाच कोपऱ्यात गोळा होतात आणि किरणचा कमलशी संबंधच राहत नाही. यावर उपाय म्हणून कित्येक ठिकाणी शेजारी इंग्रजी नावाचा रकाना काढला गेला आणि क्रमवारी त्यावर लावली गेली. आज ती यादी युनिकोडमध्ये आणायची म्हटलं तर प्रत्येक फॉन्टसाठी वेगळा परिवर्तक लागतो, आणि जोडाक्षरं तपासायला माणूस बसवावा लागतो.

युनिकोड आल्यावर प्रश्न संपला असं मानणाऱ्यांना मी कऱ्हाडचं उदाहरण देतो. या नावातला अर्धा र दोन तऱ्हांनी साठवता येतो. एकात ऱ आणि हलन्त असतो. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यामागे डोळ्यांना न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे. आता एका कारकुनाच्या कीबोर्डने पहिली तऱ्हा लिहिली आणि दुसऱ्याच्या कीबोर्डने दुसरी, तर शाखा शोधताना निम्म्या नोंदी सापडत नाहीत आणि दोघंही शपथेवर सांगतात की आम्ही बरोबरच टाइप केलं. ‘महादेवपुऱ्यात’ या रूपातही तोच र आहे. ‘ॲप’ या शब्दातल्या पहिल्या अक्षराचीही तीच कथा. त्यासाठी स्वतंत्र संकेत २००८ साली, युनिकोड ५.१ मध्ये आला. त्याआधी अ वर चंद्र जोडून काम भागवलं जाई, आणि ते जुनं लेखन अजून फायलींत पडून आहे. युनिकोडच्या प्रमाण सामान्यीकरणाने ही रूपं एक होत नाहीत, हे इथे ध्यानात घ्यायला हवं. म्हणून नोंद साठवतानाच सगळी रूपं एका रूपात आणणारा छोटा टप्पा लिहावा लागतो, आणि शोधाच्या शब्दालाही तोच टप्पा लावावा लागतो. मोजक्या ओळींचं काम आहे. पण मराठी मजकूर हाताळणाऱ्या प्रोग्राममध्ये ते शोधायला जा, क्वचितच सापडतं. हे लिहिणारे मराठी असतात आणि तरीही त्यांच्या चाचणीतली नावं इंग्रजी असतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

गोठणारी खिडकी हा सर्वांत जुना आणि सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न. विंडोजमध्ये खिडकीकडे येणारे सगळे निरोप, म्हणजे क्लिक, टाइप केलेलं अक्षर, पुन्हा रंगवण्याची सूचना, एका रांगेत लागतात आणि एकच थ्रेड ते उचलतो. त्याच थ्रेडला तुम्ही वर्षभराचा अहवाल काढायला बसवलं तर रांग तुंबते. पाच सेकंद उत्तर आलं नाही की विंडोज ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ असं लिहिते. व्हिज्युअल बेसिकच्या काळात यावर डूइव्हेंट्स नावाची एक ओळ प्रसिद्ध होती. ती घातली की खिडकी हलायला लागे. पण ती मधेच रांगेतले निरोप उचलते, म्हणजे सेव्हचं बटण अधीर कारकुनाने दुसऱ्यांदा दाबलं तर पहिली नोंद अर्धी असतानाच दुसरी सुरू होते. एकाच पावतीच्या दोन नोंदी अशा जन्माला येतात, आणि ताळेबंद जुळत नाही तेव्हा दोष कारकुनावर जातो. डॉटनेटमध्ये काम वेगळ्या थ्रेडवर नेता आलं, तर दुसऱ्या थ्रेडवरून पडद्याला हात लावला म्हणून प्रोग्राम थांबू लागला. यावर ती तपासणीच बंद करणारी एक ओळ आहे, आणि मी ती आजही चालू प्रकल्पांत पाहतो. धोक्याची घंटा वाजू नये म्हणून तिची तार कापण्यातला हा प्रकार आहे. २०१२ साली सी-शार्पमध्ये असिंक आणि अवेट आले, आणि या प्रश्नावर इतकं स्वच्छ साधन आधी नव्हतं. तरी रांग कोण उचलतं हे ज्याला ठाऊक नाही तो मुख्य थ्रेडवरच त्या कामाच्या निकालाची वाट पाहत बसतो, काम पुन्हा त्याच थ्रेडवर परतायची वाट पाहतं, आणि खिडकी कायमची गोठते.

तारखेचा दोष यापेक्षा घातक आहे, कारण तो ओरडत नाही. संगणकाची प्रादेशिक मांडणी अमेरिकी राहिली, तर ०१/०४ म्हणजे १ एप्रिल न होता ४ जानेवारी होते. आता व्हिज्युअल बेसिकचं तारीख बदलणारं फंक्शन फार उदार आहे. १३/०४ मध्ये तेरावा महिना नसतो हे पाहून ते आपणहून दिवस-महिना उलटवून १३ एप्रिल करून देतं. परिणाम असा की महिन्यातल्या तेरा तारखेपासूनच्या सगळ्या नोंदी बरोबर, आणि पहिल्या १२ दिवसांपैकी ११ चुकीच्या. दिवस आणि महिन्याचा आकडा एकच असेल तो दिवस तेवढा वाचतो. ज्याने २० तारखेला चाचणी केली त्याला काहीच दिसणार नाही. पतसंस्थेच्या ठेवीवरचं व्याज मात्र चुकत राहतं. उपाय सर्वांना तोंडपाठ असतो: तारीख वाचताना मांडणी स्पष्ट सांगा, साठवताना मजकूर नको, तारखेचाच प्रकार वापरा. पण एवढ्यावर दोष मिटला असं म्हणता येत नाही. आधी साठलेल्या नोंदींतल्या कोणत्या उलटल्या आहेत, हा प्रश्न उरतोच, आणि तो सोडवायला पावतीपुस्तकं काढून बसावं लागतं. तिथवर जाणारा प्रोग्रामर मला खरा कारागीर वाटतो.

साधनांच्या बाबतीत फार लिहिण्यासारखं नाही. मायक्रोसॉफ्टने २००२ मध्ये विनफॉर्म्स, २००६ मध्ये डब्ल्यूपीएफ, २०१५ मध्ये यूडब्ल्यूपी, पुढे विनयूआय ३ आणि २०२२ मध्ये माउई आणलं. दर वेळी आधीचं अर्धवट वाटावं अशी हवा झाली आणि विनफॉर्म्स अजून चालतंच आहे. २०१३ साली ॲटम शेल या नावाने सुरू झालेल्या इलेक्ट्रॉनने वेबवाल्यांना डेस्कटॉपचं दार उघडलं. व्हीएस कोडसारखं उत्तम काम त्यातूनच झालं. पण प्रत्येक ॲपने आपला संपूर्ण ब्राउझर पाठीवर वाहायचा, हा भार तालुक्याच्या गावातल्या ४ जीबी मेमरीच्या संगणकावर लगेच जाणवतो. या सगळ्या धांदलीत मला आदर वाटतो तो एसक्युलाइटचा. रिचर्ड हिप यांनी २००० साली सुरू केलेला हा छोटा डेटाबेस जर्नल ठेवून लिहितो, त्यामुळे मधेच वीज गेली तरी फाइल आधीच्या शुद्ध अवस्थेत परत येते. आपला डेटा कशाकशाने बिघडू शकतो याचं स्वतंत्र पान त्यांनी स्वतःच्या दस्तऐवजांत दिलं आहे. आपल्या सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तिकांत असं पान किती जणांनी लिहिलंय?

आता कृत्रिम बुद्धिमत्तेचे सहायक आले आहेत आणि महादेवपुऱ्यातल्या कार्यालयांत ते सर्रास वापरले जातात. त्यांना नावं ठेवण्याचं कारण मला दिसत नाही. तारीख वाचणारी ओळ ते सहसा बिनचूक देतात, थ्रेडचा घोटाळा अनेकदा नेमका दाखवतात. पण ते विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतात. दूध केंद्रावरच्या काट्याचं घ्या. काटा सिरियल पोर्टवरून वजन पाठवतो आणि ते आकडे सुटे सुटे येतात. १२.५ किलो हे कधी एकदम येतं, कधी आधी ‘१’ आणि क्षणभराने ‘२.५’. प्रोग्रामने जे हातात पडलं तेच वजन मानलं तर शेतकऱ्याच्या नावावर अडीच किलो चढतं. विकसकाच्या टेबलावर हे घडत नाही, कारण तिथे काट्याच्या जागी एक नकली प्रोग्राम पूर्ण ओळ एका फटक्यात पाठवत असतो. सहायकाला ‘पोर्ट कसा वाचू’ असं विचारलं तर तो पोर्ट वाचायला शिकवेल. ओळ संपल्याची खूण येईपर्यंत अक्षरं गोळा करायची, हे सुचायला रांगेत किटली घेऊन उभा असलेला माणूस डोळ्यांसमोर असावा लागतो.

म्हणून माझी मागणी साधी आहे. डेस्कटॉपसाठी लिहिणाऱ्या प्रत्येक टीमच्या टेबलावर एक दुय्यम संगणक हवा: ४ जीबी मेमरी, १३६६ बाय ७६८ चा पडदा, प्रादेशिक मांडणी अमेरिकी, दोन वेगळे मराठी कीबोर्ड, खरा काटा किंवा खरा प्रिंटर जोडलेला, आणि चाचणीच्या यादीत कऱ्हाडचे गोऱ्हे. सेव्ह चालू असताना त्याचा प्लग उपटायची मुभा सर्वांत नव्या मुलाला द्यावी, आणि जे बिघडेल त्याचं कारण त्यानेच लिहून काढावं, मराठीत लिहिलं तर फारच उत्तम. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला प्रकल्पाचे गुण नवा प्रोग्राम लिहिल्याबद्दल मिळतात. गावातल्या एखाद्या पतसंस्थेचं वीस वर्षं चाललेलं सॉफ्टवेअर उघडून त्यातला एक दोष मुळापर्यंत शोधणाऱ्यालाही तेवढेच गुण द्यायला काय हरकत आहे?