चित्रपटगृहाची वास्तू : नाव, भिंती आणि वहिवाट

जुन्या चित्रपटगृहांविषयी अलीकडे जे लिहिले जाते ते बहुधा मृत्युलेखाच्या सुरात असते. खेळ बंद झाले की वास्तूचे चरित्रही संपले, असे त्यात गृहीत धरलेले असते. जालना जिल्ह्यातील थिएटरांचा अभ्यास करू इच्छिणाऱ्यांनी हे गृहीतक प्रथम पारखून घ्यावे, असे आम्हांस वाटते. त्यासाठी पुण्याचे एक उदाहरण उपयोगी पडते.

बुधवार पेठेतील ‘प्रभात’ १९३४ मध्ये सुरू झाले. नाव प्रभात फिल्म कंपनीचे. वास्तू मात्र इंदूरच्या किबे घराण्याची. कंपनी १९५३ मध्ये बंद पडली, तरी थिएटरावरील तिचे नाव पुढे साठ वर्षे टिकले. २०१४ च्या अखेरीस भाडेपट्टा संपला, वास्तू मालकांकडे परत गेली आणि ‘किबे लक्ष्मी’ या नावाने तेथे पुन्हा चित्रपट लागू लागले. भिंती त्याच, व्यवसायही तोच. तरी ‘प्रभात’ गेले म्हणून पुणेकर हळहळले. ही हळहळ खोटी नव्हती. तिचा विषय मात्र वास्तू नव्हता, नाव होते. आणि त्या नावाचे भवितव्य ठरविले ते प्रेक्षकांनी नव्हे, एका करारपत्राने. याच कंपनीच्या स्टुडिओत १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट आली. तेथे जागेचे काम पालटले, पण तिला कोणी मृत म्हटले नाही. १९१५ चे ‘आर्यन’ मात्र १९८३ मध्ये खरोखरच पाडले गेले आणि मंडईजवळच्या त्या जागेवर वाहनतळ झाला. या तिन्ही घटनांना ‘ऱ्हास’ हा एकच शब्द लावणे म्हणजे विचार टाळणे होय.

जालन्याच्या बाबतीत हा आळस अधिक महाग पडेल. हा जिल्हा १९८१ चा. त्यापूर्वीचा त्याचा मोठा भाग औरंगाबाद जिल्ह्यात होता. १९५६ पर्यंत तो हैदराबाद राज्यात, आणि १९४८ पर्यंत निजामी अमलाखाली. निजामी कारभाराची भाषा उर्दू. तेव्हा केवळ मराठी जाहिराती आणि आठवणी यांवर विसंबणारा संशोधक वास्तूचा जन्म उशिरा नोंदवील, आणि तिचा मृत्यू लवकर.

कागदांइतकीच साक्ष बांधकामही देते. मधे खांब नसलेले उंच छत आणि खिडक्यांवाचूनच्या भिंती गुदामाला आयत्याच सोयीच्या असतात. मंगल कार्यालयाला त्या तशा चालत नाहीत, आणि पंगतीसाठी उतरती जमीनही सपाट करावी लागते. म्हणून गुदामात पूर्वीच्या खुणा अधिक शिल्लक राहतात, हे आमचे अनुमान. अशा वास्तूत शिरताना प्रथम मागच्या भिंतीत प्रक्षेपकाची चौकोनी भोके बुजविलेली दिसतात का, आणि फरशीच्या भरावाखाली मूळ उतार सापडतो का, ते पाहावे. मालकाची मुलाखत त्यानंतर.