सपाट शहरातला चढ

सांगलीत घर भाड्याने बघायला गेलात तर पाण्याची वेळ, पार्किंग वगैरे प्रश्न नंतर येतात. पहिला प्रश्न असतो, "एकोणीसला कुठवर आलं होतं?" काय आलं होतं हे कुणी विचारत नाही.

मी गावभागातला. सध्या पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी करतो. गेल्या हिवाळ्यात चार दिवस घरी होतो, तेव्हा एका सायकल ग्रुपची हेरिटेज राइड केली. रविवारची सकाळ, सहा वाजता पंधरा-सोळा सायकली, पुढे माहिती सांगणारे काका, मागे पंक्चरचं सामान घेतलेला एक मुलगा. अडीच तास, सात थांबे, शेवटी चहा आणि भडंग. अशा राइड आता गावोगावी निघतात आणि आपण फार तर पाच तारे देऊन मोकळे होतो. पण राइड हीसुद्धा सांगितलेली गोष्टच असते. कुठून सुरुवात करायची, कुठे थांबायचं, कुठल्या गल्लीत वळायचं नाही, हे कुणीतरी ठरवलेलं असतं. म्हणून तिच्याकडे नाटकाकडे बघतो तसं बघून पाहू.

आधी जे उत्तम जमलंय ते. पहिला थांबा गणेशदुर्ग. १८०१ मध्ये थोरले चिंतामणराव पटवर्धन मिरजेतून वेगळे झाले आणि सांगली राजधानी झाली, हे काकांनी दोन वाक्यांत उरकलं. मग सगळ्यांना सायकली स्टँडवर लावायला सांगून खंदकाच्या बाजूला उभं केलं आणि म्हणाले, "वर बघा. आता उडी मारायची आहे असं समजा." २४ जुलै १९४३. वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथीदार तुरुंग फोडून इथून बाहेर पडले. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबुराव जाधव गोळीबारात गेले, दादांच्या खांद्यात गोळी लागली. पुढे पावसाळ्यातली कृष्णा, मागे पोलीस. काकांनी हे अशा जागी, अशा आवाजात सांगितलं की आमच्यातल्या कॉलेजच्या पोरांनी मोबाईल खिशात ठेवले. शाळेत दहा वर्षं ऐकलेली गोष्ट मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसली.

तसंच १८४३ चं. विष्णुदास भाव्यांनी ५ नोव्हेंबरला चिंतामणरावांपुढे 'सीता स्वयंवर' सादर केलं, त्या तारखेला आपण रंगभूमी दिन पाळतो. ही माहिती कुठेही मिळते. पण राजवाडा चौकात उभं राहून "तिकीट नव्हतं, नाट्यगृह नव्हतं, राजाचा हुकूम होता" असं ऐकताना ती वेगळी लागते. इथपर्यंत राइड पैकीच्या पैकी.

गडबड नदी जवळ यायला लागल्यावर सुरू होते.

गावभागातून जाताना काका म्हणाले, "इथे जुने वाडे होते, आता फारसे राहिले नाहीत." गणपती मंदिर, मग गणपती पेठ: "इथला व्यापार पूर्वीसारखा राहिला नाही." तिथून तीन-चार किलोमीटरवर हरिपूर, कृष्णा-वारणेचा संगम, संगमेश्वराचं देऊळ, 'संगीत शारदा'कार देवलांचं गाव. तिथे त्यांनी हळदीच्या पेवांबद्दल फार छान सांगितलं: जमिनीत खोल खोदलेले खड्डे, त्यात वर्षानुवर्षं न किडता राहणारी हळद. आणि शेवट? "हळूहळू वापर कमी झाला."

ही तिन्ही वाक्यं पुन्हा वाचा. राहिले नाहीत, राहिला नाही, कमी झाला. तुरुंगफोडीच्या गोष्टीत प्रत्येक क्रियापदाला कर्ता होता: दादांनी उडी मारली, पोलिसांनी गोळ्या झाडल्या. पाण्याचा विषय आला की कर्ता गायब. हरिपूरची पेवं हळूहळू गेली नाहीत. २००५ च्या पुराचं पाणी त्यांत शिरलं, हळद सडली आणि पेवांवरचा विश्वास उडाला. गावभागातले वाडे नुसते वयाने खचले नाहीत, मातीच्या भिंती दिवसचे दिवस पाण्यात उभ्या राहिल्या. पेठेतल्या दुकानदारांनी एकदा नाही, २००५, २०१९ आणि २०२१ असा तीनदा माल उकिरड्यावर टाकला.

सगळ्यात मोठी संधी हुकली ती आयर्विन पुलावर. पूल १९२९ चा, व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विनच्या नावाचा. कमानी, सूर्योदय, ग्रुप फोटो. दहा मिनिटांचा थांबा. पण सांगलीकरांसाठी आयर्विन म्हणजे आधी एक आकडा आहे. पुलापाशी पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ ला धोका. २००५ मध्ये ते ५३ च्या पुढे गेलं, २०१९ मध्ये ५७ च्या, २०२१ मध्ये ५४ च्या. पाऊस सातारा जिल्ह्यात पडतो, आकडा सांगलीत वाढतो. महाबळेश्वरहून येणारी कृष्णा आणि १०५ टीएमसीच्या धरणातून सुटलेली कोयना कराडला एकमेकींना भेटतात आणि मग आमच्याकडे येतात. म्हणून पावसाळ्यात इथली आजीसुद्धा कोयनेचे दरवाजे किती फुटांनी उचललेत ते सांगते.

आणि या शहराच्या वस्त्या त्याच आकड्याने लावलेल्या आहेत. आधी पाणी सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, काकानगर, कर्नाळ रोड या भागात जातं. आणखी वाढलं की मारुती चौक, हरभट रोड, कापडपेठ, गणपती पेठ. विश्रामबागेतली माणसं तेव्हा नातेवाइकांसाठी गाद्या घालत असतात. आधी बुडणाऱ्या भागात कोण राहतं आणि शेवटी कोण, हे जागेचे भाव बघितले की कळतं. ४० आणि ५७ यांत १७ फुटांचा फरक आहे. जेमतेम दीड मजला. सांगलीतलं श्रीमंत-गरीब, जुनं-नवं, सुटलेलं-अडकलेलं, बरंचसं या दीड मजल्यात बसतं.

आता गंमत अशी की हा चढ समजायला सायकलीइतकं चांगलं साधन नाही. गाडीत तो कळत नाही, चालताना विसरला जातो. सायकलीवर मात्र मांड्यांना कळतं की रस्ता नदीकडे उतरतोय की नदीपासून वर चढतोय. राइडने सायकल निवडली, पण तिचा उपयोग रिक्षासारखा केला: एका थांब्यावरून दुसऱ्या थांब्यावर माणसं पोचवणं.

मला हे इतकं का लागलं, तेही सांगतो. ऑगस्ट २०१९ मध्ये मी पुण्यात होतो, रस्ते बंद होते. बाबा दर दोन तासांनी फोन करून फक्त आकडा सांगायचे. चोपन्न. साडेपंचावन्न. आजीला होडीतून काढून आत्याकडे विश्रामबागेला नेलं. ती पुन्हा गावभागात राहायला आली नाही, तिकडेच गेली. भिंतीवर माझ्या डोक्याच्या वर चिखलाची रेघ होती. बाबांनी तीनदा रंग दिला, तरी ओल धरली की ती उमटते. राइड आमच्या गल्लीच्या तोंडावरून गेली तेव्हा काका म्हणाले, "फारसे राहिले नाहीत," आणि आम्ही पुढे निघालो.

चहाच्या वेळी मी त्यांना विचारलंच. "काका, पुराबद्दल काहीच का नाही सांगत?"

त्यांनी कप खाली ठेवला. "माझं घर दत्तनगरला आहे," म्हणाले. "वर्षभर तेच बोलतो आम्ही. रविवारी सकाळी दोन तास तरी सांगली चांगली दिसू दे की."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ज्याचं घर बुडतं, त्याला ते पाहुण्यांपुढे न मांडण्याचा हक्क आहे. माझं परीक्षण काकांवर नाहीच. माझा आक्षेप एवढाच, की चांगली सांगली आणि बुडणारी सांगली अशी दोन शहरं आपण मनात केली आहेत, आणि हेरिटेज हा शब्द पहिल्याला देऊन टाकला आहे.

तसं करायची गरज नसते. याच नदीवर वर, सातारा जिल्ह्यात वाई आहे. तिथे गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड या आळ्या घाटांनीच ओळखल्या जातात, आणि कृष्णाबाईचा उत्सव पाळीपाळीने प्रत्येक आळीत होतो. रास्त्यांनी १७६२ मध्ये बांधलेल्या ढोल्या गणपतीची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे, पुराचं पाणी दुभंगून जावं म्हणून. वाईत कुणीही हे कौतुकाने दाखवतं. पूर तिथे वास्तूचाच भाग आहे. दूर जर्मनीत, डॅन्यूबकाठच्या पासाऊ गावात जुन्या टाउन हॉलच्या भिंतीवर पुराच्या रेघा वर्षांसकट नोंदवून ठेवल्या आहेत. १५०१ च्या पाठोपाठ उंच रेघ २०१३ ची. पर्यटक तिथेही फोटोच काढतात, पण मान वर करून.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी एकटाच निघालो. दत्तनगरपासून सुरुवात केली. मग मारुती चौक, हरभट रोड, आणि सरळ विश्रामबाग, आत्याच्या दारापर्यंत. दम लागावा असा चढ कुठेच नव्हता. मोबाईलच्या ॲपने शेवटी शेरा दिला: सपाट रस्ता.

राइड जरूर करा. तुरुंगफोडीसाठी तर कराच. फक्त आयर्विनवर फोटो काढून झाला की पुलाच्या खांबावरचे फुटांचे आकडे शोधा, आणि शेजारच्या सायकलवाल्याला विचारा, "तुमच्याकडे कितीला येतं?" पुढची राइड तो सांगेल.