वाजवी असेल तितपत

मावशीचं घरगुती मसाल्यांचं पेज एका सकाळी बंद झालं. ऑर्डरी तिथूनच यायच्या. घरातला 'कम्प्युटरवाला' मी, म्हणून तक्रार मी केली. दुसऱ्या दिवशी पोच आली, तिकीट नंबर आला आणि बाराव्या दिवशी उत्तर आलं: आमच्या नियमांचं उल्लंघन झालं आहे. कुठला नियम, कुठली पोस्ट, काही नाही. तिकीट बंद.

राग आला, पण आश्चर्य वाटलं नाही. ऑफिसात मीही तिकिटं बंद करतो. डॅशबोर्डवर वेळ मोजला जातो. समोरच्याला उत्तर कळलं का, याचा रकाना तिथे नसतो.

मग २०२१चे आयटी नियम उघडले आणि कोड तपासतो तसे ओळीओळीने वाचले. तक्रारीची पोच २४ तासांत, निकाल (तेव्हाच्या मुदतीनुसार) १५ दिवसांत, मोठ्या प्लॅटफॉर्मने तिकीट नंबर द्यायचा. सगळं ठाम. तक्रारदाराला कारणं मात्र 'वाजवी असेल तितपत' द्यायची. प्लॅटफॉर्म स्वतःहून मजकूर काढणार असेल तर आधी कारण कळवावं, असंही एक कलम आहे. पण ते कारण किती नेमकं हवं, हे तिथेही सांगितलेलं नाही. 'नियमांचं उल्लंघन' एवढं म्हटलं तरी कंपनीच्या लेखी ते कारणच.

ऑक्टोबर २०२२च्या दुरुस्तीने वरची पायरी आणली: तक्रार अपील समिती. कंपनीच्या निर्णयावर ३० दिवसांत ऑनलाइन अपील करता येतं. ही सोय खरीच चांगली आहे. मावशीला कोर्टकचेरी परवडली नसती. पण समितीचे अध्यक्ष आणि दोन्ही सदस्य केंद्र सरकार नेमतं. मसाल्याच्या पेजला त्याने फरक पडत नाही. सरकारवर टीका करणाऱ्या पोस्टला पडू शकतो.

माझा मुख्य आक्षेप मात्र वेगळा आहे. अपील करायचं म्हणजे समोरच्याचं कारण खोडायचं. कारणच मोघम असेल तर खोडायचं काय?

युरोपीय संघाच्या डिजिटल सर्व्हिसेस ॲक्टने कारणात काय काय हवं याची यादीच दिली आहे: निर्णयामागची वस्तुस्थिती, लागू केलेला नियम, मशीनचा वापर झाला का. शिवाय प्लॅटफॉर्मला तक्रारीचा निकाल फक्त मशीनवर सोडता येत नाही. तो कायदाही परिपूर्ण नाही, पण ही यादी उचलण्यासारखी आहे.

अपील लिहायला बसलो तेव्हा मावशीने विचारलं, "अरे, पण आपलं चुकलं काय?" लिहिण्याजोगं उत्तर माझ्याकडे नव्हतं. 'वाजवी असेल तितपत' हे शब्द काढून तिथे तीन रकाने टाकले असते, तर ते असतं: कुठली पोस्ट, कुठला नियम, निर्णय माणसाचा की मशीनचा.