बालवाडीचे वय आणि जन्माचा महिना

शाळाप्रवेशाचे दिवस आले की शिक्षकांना एक प्रश्न हमखास विचारला जातो : ‘मुलाला यंदा बालवाडीत घालावे, की एक वर्ष थांबावे?’ विचारणारे पालक दोन प्रकारचे असतात. काहींना वर्ष फुकट जाण्याची धास्ती असते. दुसऱ्यांचे म्हणणे असे, की थोडे मोठे होऊन गेलेले मूल वर्गात पुढे राहते आणि पुढेही पुढेच राहते. हे दुसरे मत मांडताना ‘संशोधनाने सिद्ध झाले आहे’ अशी पुस्तीही जोडली जाते. या संशोधनातून नेमके काय सिद्ध झाले आहे आणि काय झालेले नाही, ते या लेखात तपासून पाहू.

आपल्याकडे वयाचा काटेकोर हिशेब फार जुना नाही. डोक्यावरून हात नेऊन विरुद्ध बाजूचा कान धरता आला की मूल शाळेत घेण्याजोगे झाले, असे खेड्यापाड्यांतून मानत. जन्मतारीख ठाऊक नसेल तर गुरुजी अंदाजाने वर्ष धरून ‘१ जून’ अशी तारीख लिहून टाकीत. महाराष्ट्रातील एका पिढीचे वाढदिवस एवढ्या मोठ्या संख्येने १ जूनला येतात, ते त्यामुळेच. कानाची परीक्षा ओबडधोबड होती, पण त्यात निदान समोरच्या मुलाकडे पाहिले जाई. आता आपण कॅलेंडरकडे पाहतो. महाराष्ट्र शासनाने २०२० साली नर्सरी आणि पहिलीच्या प्रवेशाच्या वयासाठी ३१ डिसेंबर हा मानीव दिनांक ठरवला. त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत ३ वर्षे पूर्ण होणारे मूल नर्सरीला आणि ६ वर्षे पूर्ण होणारे मूल पहिलीला पात्र.

एक वर्षाचे अंतर

शाळा सुरू होते जूनमध्ये. ३१ डिसेंबरला जन्मलेले मूल जूनच्या मध्यावर नर्सरीत येते, तेव्हा ते सुमारे साडेएकोणतीस महिन्यांचे असते. त्याच वर्षीच्या १ जानेवारीला जन्मलेले मूल त्याच सतरंजीवर शेजारी बसते, ते साडेएकेचाळीस महिन्यांचे. अंतर १२ महिन्यांचे. पण लहान मुलाच्या आजवरच्या आयुष्याशी तुलना केली तर ते ४० टक्के भरते. हीच मुले पहिलीत जातील तेव्हा हे प्रमाण १८ टक्क्यांवर येईल आणि दहावीत ७ टक्क्यांवर. अंतर तेच राहते, त्याचे वजन मात्र दरवर्षी कमी होत जाते. अडीच वर्षांचे मूल आणि साडेतीन वर्षांचे मूल यांच्या बोलण्यात, बटण लावण्यात, एका जागी बसण्यात किती फरक असतो, हे बालवाडीच्या ताईंना सांगायला नको.

अमेरिकेतील केली बेडार्ड आणि एलिझाबेथ ड्युई या अर्थशास्त्रज्ञांनी २००६ साली अनेक विकसित देशांतील गणित-विज्ञान चाचण्यांचे गुण तपासले. शंभर मुले गुणानुक्रमे उभी केली तर चौथीत वर्गातील सर्वांत लहान मुले सर्वांत मोठ्यांपेक्षा ४ ते १२ स्थाने मागे होती आणि आठवीत २ ते ९ स्थाने. माल्कम ग्लॅडवेल यांनी ‘आउटलायर्स’ या २००८ सालच्या पुस्तकात हा निष्कर्ष कॅनडाच्या आइस हॉकी खेळाडूंच्या जन्ममहिन्यांशेजारी ठेवला आणि तो घरोघर पोहोचला. अमेरिकेत किंडरगार्टन म्हणजे पहिलीच्या आधीचे एक वर्ष. साधारण पाचव्या वर्षी सुरू होणारे हे वर्ष काही पालक मुद्दाम सहाव्या वर्षावर ढकलतात. त्यांच्या निर्णयाला या पुस्तकाने बळ दिले.

आकडे खरे आहेत. आक्षेप आहे तो त्यांतून काढल्या जाणाऱ्या सल्ल्यावर.

तीन राशी, एक समीकरण

एका वर्गातील मुलांची परीक्षा एकाच दिवशी होते. त्या दिवशीचे मुलाचे वय म्हणजे शाळेत आले तेव्हाचे वय अधिक शाळेत घालवलेला काळ. वर्गातील सर्वांनी शाळेत सारखाच काळ घालवलेला असतो. म्हणजे जे मूल मोठ्या वयात आले, ते परीक्षेच्या दिवशीही तितकेच मोठे असते. मग त्याला जास्त गुण पडले, ते उशिरा शाळेत आल्यामुळे, की त्या दिवशी ते वयाने मोठे होते म्हणून? वर्गातील परीक्षेवरून याचे उत्तर मिळू शकत नाही. चाचण्या कितीही घेतल्या, मुले कितीही तपासली, तरी या दोन राशी एकमेकींना बांधलेल्याच राहतात. दहा वर्षांच्या मुलाला नऊ वर्षांच्या मुलापेक्षा अधिक येते, हे सांगायला संशोधन लागत नाही.

या राशी सुट्या करायच्या तर शाळेच्या इयत्तेशी संबंध नसलेली परीक्षा हवी. तशी सोय नॉर्वेत मिळाली. तिथे प्रवेशासाठी जन्माचे वर्ष धरतात. त्यामुळे डिसेंबरअखेर आणि जानेवारीच्या आरंभी जन्मलेल्या मुलांच्या वयात काही दिवसांचाच फरक असला, तरी पहिले मूल एक वर्ष आधी शाळेत जाते. पुढे अठराव्या वर्षाच्या सुमारास तेथील मुलग्यांची लष्करभरतीसाठी बुद्धिमापन चाचणी होते. मुलगा कोणत्या इयत्तेत आहे, याच्याशी तिचा संबंध नसतो. सँड्रा ब्लॅक, पॉल डेव्हरू आणि शेल सालव्हानेस यांनी २०११ साली या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. परीक्षेच्या दिवशीच्या वयाचा परिणाम स्पष्ट होता. शाळा सुरू करण्याच्या वयाचा परिणाम मात्र अगदी थोडा होता, आणि तोही किंचित लवकर सुरू करणाऱ्यांच्या बाजूने. उशिरा शाळेत गेलेल्यांची कमाई सुरुवातीला कमी दिसली, कारण त्यांना नोकरीही उशिरा लागली. हा फरकही तिशीपर्यंत मिटला.

या अभ्यासालाही मर्यादा आहेत. लष्करी चाचणीत मुली नव्हत्या, आणि त्या काळी नॉर्वेत शाळा सातव्या वर्षाच्या सुमारास सुरू होई. तेथील निष्कर्ष आपल्या अडीच-तीन वर्षांच्या मुलांना जसाच्या तसा लावता येणार नाही. पण ‘उशिरा घातलेले मूल कायम पुढे राहते’ हे विधान सिद्ध झाले आहे, असे म्हणण्याची वाट त्याने बंद केली आहे.

खरा तोटा कोठे होतो?

मग वर्गातील सर्वांत लहान मुलाचे काहीच बिघडत नाही का? बिघडते. पण ते त्याच्या वयामुळे नव्हे, मोठ्यांच्या निवाड्यामुळे.

अमेरिकेतील अनेक राज्यांत १ सप्टेंबरपर्यंत पाच वर्षे पूर्ण होणाऱ्या मुलांना किंडरगार्टनमध्ये घेतात. म्हणजे ऑगस्टमध्ये जन्मलेली मुले वर्गात सर्वांत लहान आणि सप्टेंबरमध्ये जन्मलेली सर्वांत मोठी. २०१८ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये चार लाखांहून अधिक मुलांच्या वैद्यकीय नोंदींवरील एक अभ्यास आला. ‘एडीएचडी’, म्हणजे लक्ष न लागणे आणि अतिचंचलता, या विकाराचे निदान या राज्यांत ऑगस्टमध्ये जन्मलेल्या दर १०,००० मुलांमागे सुमारे ८५ जणांत झाले होते, तर सप्टेंबरमध्ये जन्मलेल्यांत सुमारे ६४ जणांत. जिथे १ सप्टेंबरची अट नव्हती, तिथे या दोन महिन्यांत असा फरक आढळला नाही. ऑगस्टच्या मुलांच्या मेंदूत काही वेगळे नव्हते. ती वर्गात लहान होती आणि लहान मुलासारखी वागत होती, एवढेच.

आपल्याकडे अशा मुलाला डॉक्टरकडे क्वचितच नेतात. आपण त्याला नाव ठेवतो : ढ, वांड, ‘एका जागी बसत नाही’. एकदा नाव पडले की फळ्यापाशी बोलावणे कमी होते, स्नेहसंमेलनात मागची रांग मिळते आणि मूलही स्वतःला तसेच समजू लागते. वर्षाच्या अंतराचे वजन आपोआप घटणार असते. हे नाव मात्र त्याच्यासोबत वरच्या वर्गात जाते.

यावर एक वर्ष थांबणे हा उपाय आहे का? एका घरापुरता तो असेलही. पण डिसेंबरच्या मुलांनी वर्ष सोडले, की वर्गात नोव्हेंबरची मुले सर्वांत लहान ठरतात, आणि त्यांचा शेजारी आता जवळजवळ बारा महिन्यांनी मोठा असू शकतो. शिवाय थांबण्याचे वर्ष सर्वांचे सारखे नसते. घरात पुस्तके, आजी-आजोबा आणि सवड असेल तर ते वर्ष भरून निघते. आईबाप ऊसतोडीला जात असतील, तर मुलाचे ते वर्ष उसाच्या फडावर जाते. जन्ममहिन्यांप्रमाणे वेगळे वर्ग करावेत, ही ग्लॅडवेल यांची सूचना मोठ्या शहरी शाळेत जमेल. दोन शिक्षकांच्या शाळेत ती कोण अमलात आणणार?

वय की वर्ग?

‘कोणत्या वयात’ या प्रश्नाचे उत्तर ‘कशासाठी’ हे ठरल्याशिवाय देता येत नाही. अमेरिकेत मिशिगन राज्यातील यप्सिलांटी येथे १९६२ साली सुरू झालेल्या पेरी प्रकल्पात गरीब घरांतील १२३ मुले होती. चिठ्ठ्या टाकल्यासारखे त्यांचे दोन गट केले होते. एका गटाला तीन-चार वर्षांच्या वयात उत्तम बालशिक्षण मिळाले. चाळिशीपर्यंत पाठपुरावा केला तेव्हा या गटातील अधिक जणांचे शालेय शिक्षण पूर्ण झालेले होते, कमाई जास्त होती आणि अटकेचे प्रसंग कमी होते. तिथे तीन हे वय लवकर ठरले नाही, कारण तिथे मुले स्वतः बेत आखून खेळत होती आणि शिक्षक घरी जाऊन आईला भेटत होते.

उलट, न्यूझीलंडमध्ये सेबॅस्टियन सुगेट आणि सहकाऱ्यांनी पाचव्या वर्षी वाचन शिकू लागलेली आणि सातव्या वर्षी शिकू लागलेली मुले ताडून पाहिली. अकरा वर्षांच्या सुमारास दोन्ही गट वाचनात बरोबरीला आलेले होते. उशिरा सुरू करणारी मुले वेगळ्या विचारांच्या शाळांतील होती आणि त्यांचे पालकही वेगळे असणार, ही शंका इथे घ्यायलाच हवी. तरीही अक्षरओळखीच्या घाईने दूरचा लाभ होतो, याला या अभ्यासात आधार सापडत नाही.

आपल्याला हे नवे नाही. ताराबाई मोडक यांनी बोर्डी-कोसबाडला अंगणवाडी मुलांच्या अंगणात नेली, ती पाटीवर रेघोट्या गिरवून घेण्यासाठी नव्हे. यशपाल समितीने १९९३ सालच्या अहवालात पूर्वप्राथमिक वर्गांतील औपचारिक लेखन-वाचन-गणिताच्या माऱ्यावर आक्षेप घेतला आणि नर्सरी प्रवेशाच्या मुलाखती बंद करण्याची शिफारस केली. अडीच वर्षांच्या मुलाकडून पेन्सिलीने ओळीत लिहून घेणारा वर्ग असेल, तर ते मूल तिथे लहानच आहे. साडेतीन वर्षांचे मूलही लहानच आहे. वाळू, पाणी, गाणी आणि गोष्टी असतील, तर दोघांनाही जागा आहे.

शासनाला कोणती तरी एक तारीख ठरवावीच लागणार, आणि तारीख कोणतीही असली तरी वर्गात कोणीतरी सर्वांत लहान असणारच. तेव्हा पालकांच्या प्रश्नाला शिक्षकांनी आधी प्रतिप्रश्न करावा : वर्गात दिवसभर काय चालते आणि घरी राहिले तर मूल काय करेल?

दुसरे काम शिक्षकांच्या स्वतःच्या हातातले आहे. हजेरीपटावर प्रत्येक नावापुढे वय वर्षे-महिन्यांत लिहावे आणि मुलाविषयी शेरा मारण्यापूर्वी ते पाहावे. मोठ्या वर्गांतील विद्यार्थ्यांना घेऊन एक छोटी पाहणीही करता येईल. जन्मतारखांवरून वर्गाचे वयानुसार चार सारखे गट पाडा. वर्गप्रमुख, स्नेहसंमेलनात पुढे असलेली मुले आणि ‘मागे पडलेली’ म्हणून नोंदलेली मुले कोणत्या गटात किती येतात, ते मोजा. एका वर्गावरून निष्कर्ष काढू नका. मागे पडलेली दहा मुले चार गटांत विभागताना केवळ योगायोगानेही एका गटात पाच येऊ शकतात. चार-पाच वर्षांचे पट एकत्र करा आणि ज्यांची तारीख १ जून लिहिली आहे, ती नावे वगळा. आपल्या शाळेपुरते उत्तर या मोजणीतून मिळेल.