‘सनद’ आणि ‘जाब’ : लोकसेवांच्या मराठी परिभाषेची चिकित्सा

शासकीय कार्यालयाच्या दर्शनी भिंतीवरील ‘नागरिकांची सनद’ हा फलक म्हणजे मराठी गद्याचाच एक प्रकार होय. परंतु त्याकडे गद्य म्हणून पाहण्याची चाल नाही. प्रशासनाचे अभ्यासक त्यातील मुदती मोजतात. भाषेचे अभ्यासक त्याच्याकडे सहसा फिरकत नाहीत. सामान्य माणसाला लोकसेवांच्या कारभाराविषयी प्रश्न विचारता यावा हा त्या फलकाचा हेतू असेल, तर तो प्रश्न ज्या वाक्यांच्या आधारे विचारावयाचा त्या वाक्यांची तपासणी अनाठायी ठरू नये.

कल्पना मूळची ब्रिटनमधील. जॉन मेजर यांच्या सरकारने १९९१ साली तिचा पुरस्कार केला. मे १९९७ मध्ये दिल्लीतील मुख्यमंत्र्यांच्या परिषदेनंतर ती भारतात रुजू लागली. आणि महाराष्ट्रात बदल्यांचे विनियमन व विलंबास प्रतिबंध करणाऱ्या २००५ च्या अधिनियमाने अशी सनद प्रसिद्ध करणे कार्यालयांवर बंधनकारक केले. ‘चार्टर’ला ‘सनद’ हा प्रतिशब्द योजताना रूढ वाटच धरली गेली, कारण ईस्ट इंडिया कंपनीच्या ‘चार्टर’लाही मराठीत सनदच म्हणत आले आहेत. पण अरबीतून फारसीमार्गे आलेला हा शब्द मराठीत वाढला तो वतनांच्या आणि इनामांच्या संसारात. सनद देणारा वर, घेणारा खाली. वतनदाराची सनद, वकिलाची सनद, ‘सनदी नोकर’, सर्वत्र हीच दिशा आहे. मराठीत ‘सनदी’ म्हटला जातो तो अधिकारी, नागरिक नव्हे, ही गंमतही येथे ध्यानात घेण्याजोगी आहे. ‘नागरिकांची’ या षष्ठीने नागरिकाला सनदेचा धनी केले खरे; तथापि मसुदा कार्यालय करते, मुदत कार्यालय ठरवते, आणि ती पाळली गेली की नाही हेही बव्हंशी कार्यालयच पाहते.

याहून महत्त्वाची गोष्ट वाक्यरचनेची. ‘अर्ज प्राप्त झाल्यापासून सात दिवसांत दाखला देण्यात येईल’ या नमुन्याचे वाक्य घ्यावे. ‘तलाठी दाखला देईल’ या साध्या वाक्यात देणारा प्रथमेत उभा आहे. ‘देण्यात येईल’ म्हटले की देण्याची क्रिया सप्तमीत जाते, मुख्य क्रियापद ‘येणे’ हे गतीचे होते, आणि दाखला जणू आपल्या पायांनी चालत येतो. या रचनेत ‘शासनाकडून’, ‘कार्यालयातर्फे’ असे पद घालता येते हे खरे; पण ते बहुधा संस्थेचे असते, माणसाचे क्वचित. अर्जदार वाक्यात आलाच तर ‘अर्जदारास’ असा चतुर्थीत येतो. मग ‘न दिल्यास काय?’ हा प्रश्न त्या वाक्यातील कोणत्या पदाला विचारावयाचा?

अर्थात रचनेवर सारा दोष ढकलणे हे भाषाभ्यासकांचे जुने व्यसन आहे. नियम व्यक्तिनिरपेक्ष असावा, अमुक तलाठी बदलून गेला म्हणून तो बदलू नये, या न्याय्य अपेक्षेतूनही कर्ताविहीन वाक्य जन्मते. ‘महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५’ने ही अडचण बरीच ओळखली आहे. त्यात सेवेगणिक ‘पदनिर्देशित अधिकारी’ ठरवावा लागतो, मुदत अधिसूचित करावी लागते, आणि कसूर झाल्यास ५०० ते ५,००० रुपये शास्तीची तरतूद आहे. शब्द अवजड खरा, पण वाक्याला कर्ता मिळाला. मात्र पहिली दोन अपिले वरिष्ठ अधिकाऱ्यांकडेच जातात. आयोग भेटतो तो तिसऱ्या पायरीवर. प्रश्न कागदावर जातो, उत्तर कागदावर येते. शेजारपाजारच्या कोणाच्या कानी ते पडत नाही.

कानाचा हा मुद्दा गौण नव्हे. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने २ डिसेंबर १९९४ रोजी कोटकिराना येथे पहिली जनसुनावणी भरवली. तेथे आणि पुढील काही महिन्यांच्या सुनावण्यांत जे घडले ते वरकरणी अगदी साधे होते : सार्वजनिक कामांचे हजेरीपट आणि बिले लोकांसमोर मोठ्याने वाचली गेली. हजेरीपट कपाटात असतो तोवर तो नावे, दिवस आणि रकमा यांची यादी असतो. वाचला गेला की त्याची विधाने होतात : अमक्याने इतके दिवस काम केले, त्याला इतकी मजुरी पोचली. ज्याचे नाव वाचले तो समोरच बसलेला असल्यामुळे आपण त्या कामावर गेलोच नव्हतो हे त्याचे प्रतिविधान त्याच क्षणी, त्याच्या बोलीत, साक्षीदारांदेखत उभे राहते. १९९६ च्या ब्यावर येथील धरण्यातून आणि पुढे माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या केंद्रीय कायद्यातून जी मागणी फळाला आली, तिचे बीज या वाचनात होते.

‘ऑडिट’ हा शब्द लॅटिनमधील ‘ऐकणे’ या अर्थाच्या धातूपासून आलेला आहे. एके काळी हिशेब वाचून ऐकवीत असत. मराठीने त्याचे ‘लेखापरीक्षण’ आणि ‘अंकेक्षण’ केले. दोन्हींत डोळा आहे, कान नाही. ग्रामीण रोजगार हमीच्या २००५ च्या केंद्रीय कायद्याने कलम १७ अन्वये ग्रामसभेकडे सोपवलेल्या कामाला ‘सामाजिक अंकेक्षण’ हे नाव मिळाले, तेव्हा सुनावणीतला ध्वनी नेमका गळाला.

हिंदीत ‘जिम्मेदारी’ आणि ‘जवाबदेही’ असे दोन शब्द आहेत. मराठीत ‘जबाबदारी’ हा एकच शब्द दोन्ही कामे करतो. त्यामुळे ‘अधिकाऱ्याची जबाबदारी’ म्हणजे त्याच्यावर सोपवलेले काम, की त्याने द्यावयाचे उत्तर, याचा उलगडा होत नाही. ‘उत्तरदायित्व’ हा घडवलेला शब्दही व्यवहारात पहिल्याच अर्थाकडे घसरतो. वस्तुतः ‘जबाब’चेच घासलेले रूप ‘जाब’ मराठीत जिवंत आहे. ‘जाब विचारणे’ यात विचारणारा, ज्याला विचारावयाचे तो आणि घडलेली कृती ही तिन्ही गृहीत असतात. परिभाषाकारांनी तो टाळला, बहुधा त्याच्या धारेमुळेच. त्याच्या जागी आलेल्या ‘तक्रार निवारणा’त तक्रार ही व्याधी ठरते, ती शमली की काम झाले. ‘लोकसहभाग’ तर त्याहूनही सौम्य : भाग कोणाच्या कामात, हे तो सांगत नाही. जोनाथन फॉक्स यांनी २०१५ मधील आपल्या आढाव्यात केवळ माहिती पुरवण्यावर भिस्त ठेवणारे उपक्रम आणि नागरिकांच्या आवाजाला शासनाच्या कारवाईचे दात जोडणारे उपक्रम यांत भेद केला आहे. पहिल्या प्रकाराचे फळ त्यांना तोकडे दिसले. ‘सहभाग’ आणि ‘जाब’ यांतील अंतर बरेचसे तेच आहे.

महाराष्ट्रात राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखाली २००७ पासून सुरू झालेली ‘लोकाधारित देखरेख’ या दृष्टीने बोधप्रद आहे. आरंभी अमरावती, नंदुरबार, पुणे, ठाणे आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) हे जिल्हे तीत होते. गावाच्या प्रगतिपत्रकात सेवेला हिरवा, पिवळा किंवा लाल रंग द्यावयाचा, ही युक्ती निरक्षरालाही कळणारी होती. परंतु रंग हे विशेषण आहे, क्रियापद नव्हे. ‘औषधे : लाल’ यावरून स्थिती कळते, करणारा कळत नाही. तो शोधण्याचे काम जनसुनवाईवर पडले, आणि तेथे निराळाच पेच उभा राहिला. समोर असतो तो प्राथमिक आरोग्य केंद्राचा वैद्यकीय अधिकारी. बाहेरून औषधे का आणावी लागली, हा जाब त्याला विचारला जातो. राज्याची औषधखरेदी मात्र त्याच्या हाती नसते; २०१७ नंतर काही वर्षे तर ती हाफकिन महामंडळाकडे एकवटली होती. रिक्त पदे भरणेही त्याच्या अधिकाराबाहेरचे. वाक्याला कर्ता मिळतो, पण मुंबईतील फाइलीवर ज्याची सही हवी तो त्या मंडपात आलेला नसतो.